मोठेपणी पहिल्यांदा 'गुपी गाइन बाघा बाइन' कसा बघायचा

ऑफिसात किंवा बिल्डिंगमध्ये कोणी बंगाली असेल तर त्यांच्यापुढे या सिनेमाचं नुसतं नाव काढून बघा, माणूस पन्नाशीचा असला तरी लगेच गुणगुणायला लागतो, आणि आपण शेजारी नुसते उभे, कारण आपल्या लहानपणी तो आपल्या वाट्याला आलाच नाही. मग बरेच जण धरून चालतात की आता काय बघायचा, लहान मुलांचा सिनेमा, तोही 1969 चा, तोही ब्लॅक अँड व्हाइट आणि वर बंगालीत, वय गेलं आता. मला हे अजिबात पटत नाही. मोठेपणी पहिल्यांदा बघणाऱ्याला यात काही गोष्टी अशा दिसतात ज्या आठ वर्षांच्या पोराला दिसूच शकत नाहीत. फक्त बघायची पद्धत थोडी ठरवून घ्यावी लागते, त्यासाठी हे लिहितेय.

सगळ्यात आधी, लहान मूल व्हायला जाऊ नका. जुना बालसिनेमा बघायला बसलं की सगळे हाच सल्ला देतात, आतल्या लहान मुलाला जागं करा वगैरे, आणि मग आपण मुद्दाम भाबडेपणा आणून बसतो, आणि अर्ध्या तासात दमतो. त्याची काही गरज नाही. तुम्ही नोकरी केलीय, कोणीतरी चारचौघांत तुमची खिल्ली उडवलीय, महिनाअखेरीला पैसे मोजलेत, ते सगळं घेऊनच बसा. हा सिनेमा त्याच माणसासाठी उघडतो.

पार्श्वभूमी थोडीच सांगते, जास्त वाचून बसू नका. मूळ गोष्ट उपेंद्रकिशोर रायचौधुरींची, 'संदेश' नावाचं मुलांचं मासिक त्यांनी 1913 मध्ये काढलं होतं आणि त्यातच 1915 मध्ये ही गोष्ट आली. सत्यजित राय हे त्यांचे नातू. रायांचा मुलगा संदीप लहान होता तेव्हा त्याने वडिलांकडे हट्ट धरला की मोठ्यांचे गंभीर सिनेमे पुरे, आता आमच्यासाठी काहीतरी करा, आणि त्यातून हा सिनेमा झाला. म्हणजे पणजोबांची गोष्ट पणतूसाठी. पटकथा, गाण्यांचे शब्द, संगीत, कपड्यांची डिझाइन्स हे सगळं रायांनी स्वतः केलंय. सबंध सिनेमा रंगीत करायची इच्छा होती पण तेवढे पैसे नव्हते, म्हणून ब्लॅक अँड व्हाइट, आणि रंग येतो तो अगदी शेवटी. एवढं माहीत असलं की बास.

आता कॉपी. इंटरनेटवर याच्या बऱ्याच खराब कॉप्या फिरतात, चेहरे पांढरे फटफटीत आणि आवाज डब्यातून आल्यासारखा, अशावर हा सिनेमा बघू नका प्लीज, कारण यातला अर्धा जीव आवाजात आहे. रिस्टोर केलेली प्रिंट मिळेपर्यंत थांबा. दुसरं म्हणजे बघायला बसायच्या आधी दोन मिनिटं मधलाच एखादा गाण्याचा भाग लावून तपासा की सबटायटल्स गाण्यांनाही आहेत का, कारण काही कॉप्यांमध्ये संवादाला असतात आणि गाणं आलं की गायब, आणि इथे तर गाणी कथा पुढे नेतात, मध्ये टाकलेली नाहीत. हेडफोन चालेल, नाहीतर बरा स्पीकर. मोबाइलवर बघू नका. दोन तासांहून थोडा जास्तच वेळ हाताशी ठेवा. आणि पोट भरून बसा, हे गंमत म्हणून सांगत नाहीये, सिनेमाभर लोक ताटं भरभरून जेवतात नाहीतर उपाशी असतात, आपण उपाशी असलो तर लक्ष भलतीकडेच जातं.

सुरुवातीची वीस एक मिनिटं नीट बघा, कारण मोठ्या माणसाचा सिनेमा तिथेच सुरू होतो. गुपी हा आमलकी गावातला गरीब वाण्याचा मुलगा, गाण्याचं प्रचंड वेड आणि गळा मात्र बेसूर. कुठूनतरी त्याला एक तंबोरा मिळालाय आणि तो खांद्यावर टाकून हा गावातून चाललाय, चेहऱ्यावर असा आनंद की जगातलं सगळं मिळालं. पारावर गावातली बडी मंडळी बसलीयेत, सोंगट्या वगैरे चालू आहेत. ते त्याला बोलावतात, गायला लावतात, वा वा करतात, आणि हरभऱ्याच्या झाडावर चढवून सांगतात की अरे तू राजाच्या वाड्याबाहेर पहाटे जाऊन गा, राजा खूश होईल. त्याला कळत नाही. आपल्याला कळतं. लहान मूल इथे हसतं आणि हसायलाच हवं, पण तुम्ही त्या पारावरच्या एकेकाचा चेहरा बघा, हे लोक आपण सगळ्यांनी बघितलेत, ऑफिसच्या चहाच्या टेबलावर बसलेले असतात. पुढे जे व्हायचं तेच होतं, राजाची झोपमोड होते, तंबोरा फुटतो आणि गुपीची गाढवावर बसवून गावाबाहेर रवानगी. तपेन चॅटर्जींनी हा गुपी इतका सरळ मनाने केलाय की त्याची कीव येत नाही, राग येतो तो गावाचा.

यानंतर जंगलातला प्रसंग येतो, आणि माझ्या मते तुम्हाला हा सिनेमा लागतोय की नाही हे तिथे ठरतं. गुपी एकटा बांबूच्या बनात, आणि कुठून तरी टप्, टप् असा आवाज येतोय. तो आवाजाच्या मागे जातो. बघतो तर एक ढोल पडलाय आणि वरून पाण्याचे थेंब बरोब्बर ढोलाच्या कातड्यावर पडतायत. शेजारी ढोलवाला आडवा झालेला, हा बाघा, यालाही त्याच्या राजाने असंच हाकललंय. दोघं एकमेकांकडे संशयाने बघतात, बराच वेळ नीट बोलतही नाहीत. इथे संवाद जवळजवळ नाही, त्यामुळे सबटायटल्सवरून नजर काढून मोकळेपणाने बघता येतं. रबी घोष म्हणजे बाघा, त्यांचे डोळे आणि मान बघत राहा, नुसत्या मान वळवण्यात माणूस केवढं सांगू शकतो. मग वाघ येतो, दोघांची वाचा जाते, वाघ निघून जातो आणि जीव वाचल्याच्या आनंदात एक गायला लागतो आणि दुसरा बडवायला लागतो, दोघंही बेसूर बेताल, आणि तेवढ्याने जंगलातली भुतं जमा होतात.

भुतांचा नाच. यावर थोडं थांबते, कारण मोठेपणी बघणारे नेमके इथेच फॉरवर्ड करतात. सहा एक मिनिटांचा नाच आहे, एकही शब्द नाही, एकही सूर नाही, फक्त ताल. लहानपणी ज्यांनी बघितला त्यांना तो आवडतो कारण भुतं आहेत. तुम्ही असं करा, पहिल्या मिनिटात फक्त मोजा की भुतं किती प्रकारची आहेत. चार आहेत. एक राजे, दुसरे गोरे साहेब, तिसरे जाडजूड लोक म्हणजे शेठ, पाद्री वगैरे पोट सुटलेली मंडळी, आणि चौथी साधी कष्टकरी माणसं. आता कानांनी बघा. प्रत्येक गटाला रायांनी दक्षिणेतलं वेगळं तालवाद्य दिलंय, राजांना मृदंगम कारण ते शास्त्रीय घरंदाज वाद्य, साहेबांना घटम म्हणजे मातीचं मडकं, त्याचा आवाज कसा कडक टणटणीत, कष्टकऱ्यांना कंजिरा म्हणजे हातातली छोटी डफली आणि जाड्यांना मोरसिंग, ते तोंडात धरून वाजवायचं, बोईंग बोईंग करणारं. एकदा वाद्यं ओळखू आली की तुम्हाला पडद्याकडे न बघताही कळतं कोण नाचतंय. साहेबांच्या हालचाली कळसूत्री बाहुल्यांसारख्या तुटक दिसतात, ते कॅमेऱ्याचा वेग बदलून केलंय. मग नाच भांडणावर येतो, गटागटात मारामारी, लय वाढत जाते, आणि शेवटी चारही गट पडद्यावर एकावर एक चार मजल्यांसारखे दिसतात आणि सगळे तालात. बंगालच्या इतिहासात जे जे म्हणून जगले आणि मेले त्या सगळ्यांना एका झाडाखाली आणून नाचवलंय हो या माणसाने, आणि तेही मुलांच्या सिनेमात! हे आठव्या वर्षी कोणाच्या लक्षात येणार? फॉरवर्ड करू नका. जमलं तर सिनेमा संपल्यावर हा भाग परत लावा.

त्यानंतर भुतांचा राजा येतो, चमचमत, आणि यमकात बोलतो, आणि आवाज असा चिरका नाकातला. तो आवाज स्वतः सत्यजित रायांचा आहे, रेकॉर्डिंगचा वेग बदलून तसा केलेला. आपल्याकडेही गोष्टीतली भुतं गेंगाण्या आवाजातच बोलतात आणि वेताळ भुतांचा राजा असतोच, त्यामुळे मराठी माणसाला इथे काही समजावून सांगावं लागत नाही, बालनाट्यात वाढलेल्यांना तर नाहीच. सबटायटल्समध्ये यमक मरतं, मग निदान कानाने ऐका, ओळीच्या शेवटाला लक्ष द्या.

आता तीन वर. हे मागणं नीट ऐका. पहिलं, हवं ते खायला आणि ल्यायला मिळू दे. दुसरं, हवं तिथे जाता येऊ दे, त्यासाठी जोडे मिळतात. तिसरं, आमचं गाणंवाजवणं लोकांनी ऐकावं, आणि त्याचा परिणाम असा की ते गात असताना ऐकणारा जागचा हलूच शकत नाही. बघा ना, कोणी सोनं मागितलं नाही, राज्य मागितलं नाही. गावातून हाकलून दिलेला उपाशी माणूस दुसरं काय मागणार. आणि वर चालवायची अट काय, तर दोघांनी एकमेकांच्या हातावर टाळी द्यायची. एकट्याच्या टाळीने काहीही होत नाही. पुढे सिनेमाभर जेव्हा जेव्हा ही टाळी येते तेव्हा त्याआधीचा क्षण बघा, दोघं कसे एकमेकांकडे बघतात ते. दोन प्रौढ पुरुषांची इतकी सरळ मैत्री आपल्या सिनेमात फार कमी दिसते, ना कोणी हिरो ना कोणी साइडकिक.

ट्रिक सीन्सबद्दल एक सांगायचंय. आज आपल्याला सगळं कळतं, की टाळी वाजली, कॅमेरा थांबवला, ताट ठेवलं, परत चालू केला. त्यामुळे पहिली प्रतिक्रिया येते की अरे हे तर दिसतंय कसं केलंय. दिसू दे की. आपल्या दादासाहेब फाळक्यांनी 'लंकादहन' आणि 'कालियामर्दन' मध्ये ज्या हिकमती केल्या त्याच घराण्यातलं हे काम आहे, आणि ते हाताने केलंय हे कळणं यातच मजा आहे. टायमिंग बघा, टाळीचा आवाज आणि कट यांच्यात जराही फट नाही. दोघं राजाच्या दरबारातल्या गायनस्पर्धेसाठी जायला निघतात शुंडीला पण गावाचं नाव नीट आठवत नाही, म्हणून चुकून आधी झुंडीला जातात तर तिथे बर्फ, थंडीने कुडकुडतात, मग हुंडीला तर तिथे वाळवंट, आणि मग शुंडी. हा विनोद सगळा कटवर उभा आहे, एका टाळीत बर्फ, दुसऱ्या टाळीत वाळू. आणि बर्फ खरा आहे, वाळू खरी आहे, वाळूसाठी राजस्थानात जाऊन शूटिंग केलंय, पुढे येणाऱ्या हल्ला नावाच्या राज्यातला राजाचा किल्ला म्हणजे जैसलमेर.

मधला भाग थोडा संथ आहे हे खरंय. शुंडीच्या दरबारातली गायनस्पर्धा लांबते, एकामागून एक गवई येतात आणि राजाला झोप लागते, तुम्हालाही लागू शकते. ब्रेक घ्यायचाच तर या स्पर्धेच्या आधी घ्या, मध्ये नको, कारण त्या लांबणीनंतर जेव्हा हे दोघं उठून गातात आणि राजा खडबडून जागा होतो त्याचा सगळा जोर आधीच्या कंटाळ्यावर आहे. गाण्यात ते सांगतात की आम्ही बंगालहून आलेली साधी मातीची माणसं. अनुप घोषालांचा आवाज आहे, कुठेही उस्तादी नाही, स्वच्छ मोकळा गळा. आणि ज्याचा तंबोरा फोडला होता तो आता राजाच्या दरबारात गातोय, हे लक्षात ठेवून ऐका, गळा दाटून आला तर येऊ द्या.

पुढे हल्ला आणि शुंडी या दोन राज्यांची लढाई आहे. दोन्ही राजे संतोष दत्तांनीच केलेत, आणि हल्लाचा राजा खरं तर स्वभावाने अगदी लहान मुलासारखा गरीब, त्याचा मंत्री बरफी नावाच्या जादूगाराकडून औषध घेऊन त्याला पाजतो आणि मग तो युद्ध युद्ध करत सुटतो. लहान मुलाला इथे दुष्ट मंत्री दिसतो. तुम्ही दोन सीन्स शेजारी ठेवून बघा. एकात मंत्री मस्त कोंबडी चावतोय आणि समोर त्याचाच हडकुळा हेर उभा राहून त्या ताटाकडे बघतोय. दुसऱ्यात आपले दोघं हल्लाच्या तुरुंगात, जोडे गेलेले, म्हणजे पळून जायची सोय नाही, मग ते टाळी देऊन जेवण मागवतात आणि बाहेरचा उपाशी पहारेकरी त्या वासाने गजाआड येतो. म्हणजे या राज्यात उंट आहेत, तलवारी आहेत, आणि शिपायांच्या पोटात काही नाही.

आणि मग शेवटाकडे सैन्य निघतं, गुपी गायला लागतो की अरे बाबांनो युद्ध करून तुम्हाला मिळणार काय, आणि आकाशातून मिठाईची मडकी उतरायला लागतात. सैनिक तलवारी टाकून धावतात. लहानपणी हा जगातला सगळ्यात भारी सीन असणार यात शंका नाही. पण आता जरा ते वर्ष बघा. थिएटरात 1969 मध्ये जे आईबाप पोरांना घेऊन बसले होते त्यांनी 1943 चा बंगालचा दुष्काळ पाहिला होता ज्यात लाखो माणसं भुकेने गेली, 1959 आणि 1966 ची खाद्य आंदोलनं बघितली होती, आणि 1965 मध्ये तर दुधाच्या टंचाईमुळे पश्चिम बंगाल सरकारने छेन्याच्या, म्हणजे दूध फोडून केलेल्या मिठाईवरच बंदी आणली होती, म्हणजे कलकत्त्यात संदेश रसगुल्ले करणंच बेकायदा. त्या लोकांच्या समोर पडद्यावर आकाशातून मिठाईचे हंडे उतरतायत. मी हे वाचल्यानंतर तो सीन परत लावला तेव्हा मला सैनिकांचे हात दिसले, कसे हात घालतात मडक्यात, तोंडाला कसं फासतात. कलकत्त्यात सिनेमा जवळजवळ वर्षभर चालला, आणि तो फक्त पोरांनी चालवला असं मला वाटत नाही.

पण हे सगळं पहिल्यांदा बघताना डोक्यात घोळवत बसू नका हं. युद्धविरोधी संदेश, वर्गसंघर्ष, असले शब्द समोर ठेवून बघितलात तर विनोद हातचे जातील. पहिल्या वेळी गोष्ट बघा, पुढे काय होतं एवढंच. अर्थ दुसऱ्या दिवशी दात घासताना आपोआप येतात.

खटकणाऱ्या गोष्टीही आहेत आणि त्या झाकायच्या नाहीत. बायका जवळजवळ नाहीतच. राजकन्या आहेत पण त्यांना ना बोलणं ना काम, शेवटी लग्नाला उभ्या करायच्या तेवढ्या. मला हे प्रत्येक वेळी टोचतं, कारण इतका बारीक विचार करणाऱ्या माणसाला हे जमलं असतं. जाड माणसांवरचे विनोदही आज जुने वाटतात. मुलींना घेऊन बघत असाल तर सिनेमा संपल्यावर हा विषय काढा, मुली स्वतःच काढतील म्हणा.

मुलांबरोबर बघायचा असेल तर आधी एकदा तुम्ही एकटे किंवा नवरा-बायको, मित्र असे बघून घ्या, मग मुलांना बसवा. पाच-सहा वर्षांच्या पुढची मुलं आरामात बघतात, भुतांच्या नाचात उलट्या रंगांची चित्रं येतात तिथे एखादं घाबरतं, आधी सांगून ठेवलं की झालं. सबटायटल्स वाचता येत नसतील तर शेजारी बसून मराठीत सांगा, पण प्रत्येक वाक्याचं भाषांतर करू नका, अर्ध्या मिनिटाला एखादं वाक्य पुरतं, राजा, मंत्री, भूत, युद्ध हे तर त्यांना ऐकूनच कळतं. गाणी चालू असताना तोंड बंद ठेवा. आणि मुलांनी तुमच्याएवढं भारावून जायलाच हवं असा आग्रह नको, एखादं पोर नाचात कंटाळून उठून जाईल, जाऊ दे, टाळीच्या आवाजाला परत येतं.

आवडला तर पुढचे दोन भाग आहेत. दुसरा 'हीरक राजार देशे' 1980 चा, पूर्ण रंगीत, आणि तो लगेच दुसऱ्या दिवशी लावू नका, आठवडाभर जाऊ द्या, कारण त्याचा नूर वेगळा आहे. त्यात हिऱ्यांच्या राज्याचा जुलमी राजा उत्पल दत्तांनी केलाय आणि बहुतेक सगळी पात्रं यमकात बोलतात, फक्त शाळामास्तर साधं बोलतात, ते सौमित्र चॅटर्जी. लोकांचे मेंदू धुवायचं यंत्र आहे त्यात, आणि आणीबाणी संपून तीन वर्षं झाली होती हे डोक्यात ठेवून बघितलं की बऱ्याच गोष्टी लागतात. तिसरा 1992 चा, 'गुपी बाघा फिरे एलो', तो दिग्दर्शित केलाय संदीप रायांनी, म्हणजे ज्याने लहानपणी हट्ट धरला होता त्यानेच. माझ्या मते तो पहिल्या दोघांच्या तोडीचा नाही, पण तपेन चॅटर्जी आणि रबी घोष त्यातही आहेत आणि वय झालेले गुपी-बाघा बघायचे असतील तर जरूर बघा, मात्र पहिला निदान दोनदा झाल्यावरच.